परत लावता न येणारा फोन

तुरुंगातून आलेला फोन चुकला, तर तो परत लावता येत नाही. घरच्यांना सगळ्यात आधी कळते ते हेच. स्क्रीनवर अनोळखी नंबर दिसतो आणि कर्जवाल्यांचा असेल, फसवणुकीचा असेल म्हणून कुणी उचलत नाही. कधी आई परसात असते, कधी घरातला एकुलता मोबाइल मुलगा क्लासला घेऊन गेलेला असतो. नंतर त्याच नंबरावर कितीही वेळा लावा, पलीकडे कुणी येत नाही. ते यंत्र आतल्या माणसाने बाहेर फोन करण्यासाठी बसवलेले असते, बाहेरचा फोन घेण्यासाठी नाही. मग पुढच्या पाळीपर्यंत थांबायचे. आतला माणूसही तेवढेच दिवस, घरी फोन का उचलला नाही, याचा घोर लावून घेतो.

राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीप्रमाणे २०२२ च्या अखेरीस देशातल्या तुरुंगांत ५ लाख ७३ हजार माणसे होती. त्यांतले दर चारांतले तीन कच्चे कैदी, म्हणजे खटला अजून संपलेला नाही असे. या माणसांच्या मागे आईवडील, बायका, मुले आहेत. त्यांच्यावर कोणताही आरोप नाही, तरी आठवडा कसा जाणार हे त्या एका फोनवर ठरते. हा फोन कसा येतो, किती वेळ चालतो, कुणाला मिळत नाही आणि तो चुकू नये म्हणून काय करायचे, याची माहिती मात्र बहुतेक घरांना एकमेकांकडून ऐकूनच मिळते.

मुलाकातीचा दिवस

रत्नागिरीचे विशेष कारागृह शहरातच आहे, पण जिल्हा लांबट आहे. उत्तरेला मंडणगड, दक्षिणेला राजापूर, मध्ये घाट, खाड्या आणि वर्षानुवर्षे काम चालू असलेला महामार्ग. मंडणगड-दापोलीकडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी येऊन परत जायचे तर पहाटेची एसटी धरावी लागते आणि घरी पोहोचेपर्यंत रात्र होते. मोठी शिक्षा लागली की माणूस बहुधा मध्यवर्ती कारागृहात जातो. ते कोल्हापूरचे कळंबा असेल तर आंबा घाट चढून सव्वाशे किलोमीटरच्या पुढे, पुण्याचे येरवडा असेल तर तीनशेच्या घरात.

एवढे करून मुलाकात मिळते ती वीसेक मिनिटांची. आधार कार्ड दाखवायचे, नोंद करायची, झडती द्यायची आणि नाव पुकारेपर्यंत बाकड्यावर बसायचे. अनेक तुरुंगांत मध्ये काच असते आणि बोलणे इंटरकॉमच्या रिसीव्हरवरून होते. म्हणजे माणूस समोर असतो, आवाज मात्र तारेतूनच येतो. काजू-आंब्याच्या हंगामात रोजावर जाणाऱ्या बाईची एका भेटीत दिवसाची मजुरी जाते, वर एसटीचे भाडे. शाळकरी मूल बरोबर असेल तर त्याचीही शाळा बुडते. म्हणून भेट महिन्या-दोन महिन्यांवर जाते आणि मधला सगळा काळ फोनवर निभावतो.

वर्षाला एक पत्र

रत्नागिरीला तुरुंग आणि घर यांच्यातल्या अंतराची ओळख जुनी आहे. १८५६ साली याच गावात जन्मलेले लोकमान्य टिळक १९०८ ते १९१४ अशी सहा वर्षे मंडालेच्या तुरुंगात होते. १९१२ च्या जूनमध्ये पुण्यात त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई वारल्या, ती बातमी त्यांना तारेने कळली. अंदमानात असताना विनायक दामोदर सावरकरांना घरी वर्षातून एक पत्र लिहिण्याची मुभा होती. धाकटे बंधू नारायणराव यांना लिहिलेल्या त्या पत्रांत वर्षभराचे सगळे कोंबून बसवावे लागे आणि ते आधी तुरुंगाचे अधिकारी वाचत. पत्नी आणि धाकटा भाऊ प्रत्यक्ष भेटायला पोहोचले ते १९१९ मध्ये. सावरकरांना १९२१ साली मुख्य भूमीवर आणल्यावर ठेवले ते याच रत्नागिरीच्या तुरुंगात. तिथली त्यांची कोठडी आजही जपून ठेवलेली आहे.

ते परकीय राज्य होते. स्वतंत्र भारतात तुरुंगातला कागद बाहेर जाऊ देण्याचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात गेला, तोही एका मराठी पुस्तकावरून. प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे भारत संरक्षण नियमांखाली मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी ‘अणूच्या अंतरंगात’ हे विज्ञानाचे पुस्तक लिहिले आणि छापण्यासाठी हस्तलिखित पत्नीकडे पाठवण्याची परवानगी मागितली. सरकारने ती नाकारली. प्रकरण उच्च न्यायालयात गेले, संझगिरी जिंकले, तेव्हा राज्य सरकार अपिलात गेले आणि ६ सप्टेंबर १९६५ रोजी तिथेही हरले. स्थानबद्धतेच्या नियमांत जी बंधने लिहिलेली नाहीत, ती अधिकाऱ्याला आपल्या मनाने घालता येत नाहीत, हा त्या निकालाचा मुद्दा होता.

पुढे १९८१ मध्ये फ्रान्सिस कोराली मुलिन प्रकरणात न्यायालय आणखी पुढे गेले. स्थानबद्ध बाईला महिन्यातून एकदाच घरच्यांची भेट मिळावी, असा नियम होता. तो न्यायालयाने रद्द केला आणि कुटुंबाला, वकिलाला भेटणे हा घटनेच्या २१ व्या अनुच्छेदातल्या जगण्याच्या हक्काचाच भाग असल्याचे सांगितले. त्यामुळे आजच्या फोनला कुणी ‘सवलत’ म्हटले, तरी त्याच्या मागे निकालांची एक परंपरा उभी आहे. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेल्या ‘नेल्सन मंडेला नियमां’तही घरच्यांशी पत्राने आणि जिथे सोय आहे तिथे दूरध्वनीने, डिजिटल साधनांनी ठरावीक काळाने बोलू द्यावे, असे स्पष्ट लिहिले आहे.

नाण्यापासून कार्डापर्यंत

महाराष्ट्राच्या तुरुंगांत बरीच वर्षे नाणे टाकून बोलायचे फोन होते. बाहेरच्या जगात एसटीडी-पीसीओची पिवळी पाटी गेली, पानटपरीवरचा लाल डबा गेला, तरी आत तो डबा टिकून होता. बिघडला की दुरुस्त करणारा सापडणे अवघड, सुटे भाग मिळणे त्याहून अवघड. एक यंत्र बंद पडले की आख्ख्या बराकीचे बोलणे खोळंबायचे.

२०२३ च्या जुलैमध्ये अमिताभ गुप्ता हे कारागृह विभागाचे प्रमुख असताना येरवड्यात स्मार्ट कार्डाच्या फोनचा प्रयोग सुरू झाला. कैद्याला त्याच्या नावाचे कार्ड मिळते. आठवड्यातून तीन वेळा, प्रत्येक वेळी सहा मिनिटे त्याला घरी किंवा वकिलाशी बोलता येते. म्हणजे आठवड्याला १८ मिनिटे. बाहेरच्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल, पण आधीचा डबा आणि त्यापुढची रांग ज्यांनी पाहिली आहे त्यांना तो मोठा वाटतो.

या फोनमागची व्यवस्था सगळीकडे साधारण सारखी असते. ज्यांच्याशी बोलायचे त्यांची नावे, नाते आणि नंबर कैद्याने आधी लिहून द्यायचे. ते नंबर खरोखर त्याच माणसांचे आहेत का, याची खातरजमा तुरुंगाचे कार्यालय करते. मंजूर झालेले नंबर नोंदले जातात आणि मग फोन फक्त त्यांनाच लागतो. पैसे जातात ते कैद्याच्या तुरुंगातल्या खात्यातून, ज्याला आत-बाहेर सगळे ‘पीपीसी’ म्हणतात. घरून मनीऑर्डर केलेली रक्कम, काम करणाऱ्या पक्क्या कैद्याची मजुरी हे सारे त्या खात्यात जमा होते आणि कॅन्टीनचा साबण, चहा, बिस्किटे यांचाही खर्च त्यातूनच होतो.

कोकणातल्या घराला मनीऑर्डर नवी नाही. पिढ्यानपिढ्या मुंबईतला चाकरमानी ती गावी पाठवत आला. इथे ती उलट्या दिशेने जाते, गावातून आतल्या माणसाकडे.

सहा मिनिटांत काय मावते

समजा, लांजा तालुक्यातल्या एखाद्या वाडीत फोन वाजला. घरात रेंज नाही, म्हणून आई बोलत बोलतच खळ्यात येते. “ऐकू येतंय काय रे?” यात पहिले मिनिट जाते. दुसऱ्यात जेवण, तब्येत, रक्तदाबाची गोळी. तिसऱ्या मिनिटाला तो मुद्द्यावर येतो: तारीख कधी आहे, वकील काय म्हणाले, जामीनदार कोण राहतोय. “मामाला सांग, सातबारा घेऊन तहसीलला जा, ऐपतीचा दाखला काढायचाय.” मामा राहील का जामीन, याचे उत्तर आईकडे नसते. ती “विचारते” म्हणते. पाचव्या मिनिटाला फोन मुलीच्या हातात जातो. ती काय बोलावे ते न सुचून गप्प राहते, मग परीक्षेचे मार्क सांगते. पुन्हा आई घेते तोवर फोन आपोआप कटतो. निरोपाचा शब्द बऱ्याचदा राहूनच जातो.

यातले तिसरे मिनिट सगळ्यात महागाचे. जामीन मंजूर झाला तरी जामीनदार आणि कागद उभे राहिले नाहीत, तर माणूस आतच राहतो. अशी उदाहरणे एवढी वाढली, की ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला यावर निर्देश द्यावे लागले. जामिनाच्या आदेशाची प्रत न्यायालयाने ईमेलने तुरुंगाकडे पाठवायची, ती कैद्याला द्यायची आणि सात दिवसांत सुटका झाली नाही तर अधीक्षकांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवांना कळवायचे, अशी आता व्यवस्था आहे. ती कागदावर असली, तरी मामाला तहसील कार्यालयात धाडायचे काम अजून फोनच करतो.

अनुभवी घरे म्हणूनच तयारीने बसतात. फोनजवळ वही असते. काय विचारायचे ते आधी लिहून ठेवतात, कुणी आधी बोलायचे ते ठरवून घेतात आणि वाईट बातमी सांगायची की पुढच्या भेटीपर्यंत थांबायचे, यावरही घरात आधीच चर्चा झालेली असते. सहा मिनिटांत बापाच्या आजारपणाची बातमी देऊन फोन कटला, तर पुढचे दोन दिवस आतल्या माणसाने काय करायचे?

मुलांचा प्रश्न वेगळाच. कोकणात बाप मुंबईला असणे इतके नेहमीचे, की “बाबा कामाला गेलेत” ही थाप सहज खपते. पण दर फोन ठरल्या वेळी संपतो आणि बाबांना आपण फोन करू शकत नाही, हे मुलांच्या लवकर लक्षात येते. महाराष्ट्राच्या कारागृह विभागाने ‘गळाभेट’ नावाचा उपक्रम चालवला आहे. त्यात १६ वर्षांखालच्या मुलांना काच-जाळी मध्ये न ठेवता आईबापांना भेटू देतात. तो दिवस वर्षातून एखादाच येतो. एरवी हाताशी फोनच.

ऐकणारा तिसरा

या फोनवर दोघेच बोलतात, पण ऐकणारे दोघेच नसतात. सुरक्षेसाठी संभाषण ऐकले जाऊ शकते, नोंदले जाऊ शकते आणि हे दोन्हीकडच्यांना ठाऊक असते. वकिलाच्या भेटीला कायद्याने वेगळे संरक्षण आहे. १८९४ च्या तुरुंग कायद्याच्या ४० व्या कलमाप्रमाणे कच्च्या कैद्याला आपल्या वकिलाशी तिसरे कुणी हजर नसताना बोलता येते. म्हणूनच खटल्याचे बारकावे, साक्षीदारांची नावे, घटनेच्या दिवशीचे तपशील असले विषय घरच्यांनी फोनवर काढू नयेत, असे वकील बजावतात. तारीख विचारावी, कागद विचारावेत आणि बाकीचे वकिलावर सोडावे.

तिसरा कुणी ऐकतो आहे, या जाणिवेने भाषाच बदलते. याचे टोकाचे उदाहरण साऱ्या देशाने पाहिले. २५ डिसेंबर २०१७ रोजी इस्लामाबादेत पाकिस्तानच्या कैदेत असलेल्या कुलभूषण जाधव यांना त्यांची आई आणि पत्नी भेटल्या. मध्ये काच होती आणि बोलणे इंटरकॉमवरून. आईला मुलाशी मराठीत बोलू दिले नाही, ती मराठीत बोलू लागली की मध्येच थांबवले, अशी तक्रार भारताच्या परराष्ट्र मंत्रालयाने दुसऱ्याच दिवशी जाहीरपणे केली. परक्या देशातल्या लष्करी कोठडीची गोष्ट आणि रत्नागिरीच्या तुरुंगाची गोष्ट एक नव्हे. तरी आईला लेकाशी आपल्या बोलीत बोलता येणे किती मोलाचे, हे त्या दिवशी दिसले.

सगळ्यांना फोन मिळतोच असेही नाही. दहशतवादविरोधी कायद्यांखालचे आणि तशाच गंभीर आरोपांतले कैदी यांना ही सोय नाकारली जाते. एल्गार परिषद प्रकरणात तळोजा तुरुंगात असलेले गौतम नवलखा २०२२ मध्ये ही सोय मिळावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. फोनवरून साक्षीदारांना धमक्या जातील, बाहेरची टोळी आतून चालवली जाईल, ही प्रशासनाची भीती निराधार नाही. पण या भीतीचे दुसरे टोकही आहे. अधिकृत फोन नसला की चोरट्या मोबाइलला गिऱ्हाईक मिळते. केंद्र सरकारने मे २०२३ मध्ये राज्यांसाठी तयार केलेल्या आदर्श तुरुंग कायद्यात तुरुंगात मोबाइल बाळगण्याला तीन वर्षांपर्यंत कैद सुचवली आहे, ती याच त्रासामुळे. नोंदलेल्या नंबरावर, नोंद राहील असे बोलणे हे तुरुंगाच्याही सोयीचे आहे.

पडद्यावरची भेट

मार्च २०२० मध्ये कोरोनाने मुलाकाती बंद झाल्या आणि वर्षानुवर्षे अडलेली गोष्ट काही आठवड्यांत घडली. महाराष्ट्राच्या तुरुंगांत स्मार्टफोन आले आणि कैदी व्हिडिओ कॉलवर घरच्यांना दिसू लागले. पीपल्स युनियन फॉर सिव्हिल लिबर्टीज या संघटनेची तुरुंगातल्या कोरोनाविषयीची याचिका तेव्हा मुंबई उच्च न्यायालयापुढे होती आणि घरच्यांशी संपर्काचा मुद्दाही तिच्यात होता. साथ ओसरल्यावर व्हिडिओ कॉलचा तो मार्ग आखडला, पण ‘ई-मुलाकात’ राहिली. राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या ई-प्रिझन्स प्रणालीवर भेटणाऱ्याने आपले नाव, पत्ता, ओळखपत्र भरायचे, राज्य आणि तुरुंग निवडायचा, कैद्याचे नाव टाकायचे आणि प्रत्यक्ष भेट हवी की व्हिडिओवरची, ते सांगायचे. मोबाइलवर ओटीपी येतो, अर्जाला क्रमांक मिळतो आणि तुरुंगाने मंजुरी दिली की वेळ कळते. अर्ज इंग्रजी-हिंदीच्या वळणाचा असल्याने गावात तो बहुधा सायबर कॅफेवाला किंवा कॉलेजात जाणारी पुतणी भरून देते.

दूर अमेरिकेत तुरुंगातल्या फोनची अडचण नेमकी उलटी होती. तिथे बोलायला वेळ मिळे, पण दर घर बुडवणारे. मार्था राइट या वॉशिंग्टनच्या आजीबाई नातवाशी बोलण्याच्या बिलांनी गांजल्या आणि २००० साली न्यायालयात गेल्या. त्या २०१५ मध्ये वारल्या. दरांवर अंकुश आणणाऱ्या कायद्यावर सही झाली ती जानेवारी २०२३ मध्ये आणि त्या कायद्याला त्यांचे नाव दिले गेले. कनेक्टिकट राज्याने तर २०२१ मध्ये तुरुंगातले फोन फुकट करण्याचा कायदा केला. आपल्याकडे पैशांपेक्षा पाळी आणि मिनिटे यांचीच टंचाई जास्त.

आणि रिचार्जची. हे कारण कोणत्याच नियमावलीत सापडणार नाही, पण फोन चुकण्यामागे ते मोठे आहे. पूर्वी प्रीपेड मोबाइलमध्ये पैसे नसले तरी येणारे फोन येत असत. २०१८ च्या अखेरीस मोबाइल कंपन्यांनी किमान रिचार्जची अट आणली. ते संपून मुदत उलटली की येणारे फोनही बंद. पुढेही रिचार्ज झाले नाही, तर कालांतराने तो नंबर दुसऱ्याच कुणाला दिला जातो. कमावता माणूस आत आणि घरात रिचार्जला पैसे नाहीत, अशा वेळी तुरुंगात नोंदलेला एकमेव नंबर मुका होतो. नवा नंबर नोंदवायचा तर पुन्हा अर्ज आणि पुन्हा खातरजमा.

तेव्हा ज्यांच्या घरावर ही वेळ आली आहे त्यांनी काही गोष्टी पहिल्याच आठवड्यात कराव्यात. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेप्रमाणे अटकेची आणि कुठे ठेवले आहे याची खबर नातलगाला देणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ती मिळाली नाही तर ठाण्यात जाऊन मागावी. तुरुंगात शक्य असतील तितके, निदान दोन नंबर नोंदवावेत आणि त्यांतला एक अशा माणसाचा असावा, ज्याचे रिचार्ज कधी संपत नाही. सिम नातलगाच्या स्वतःच्या नावावर असावे. नंबर बदलला तर त्याच दिवशी तुरुंगाला लेखी कळवावे आणि वकिलालाही सांगावे. फोन आला असताना तिसऱ्या कुणाला कॉन्फरन्सवर घेऊ नये, त्याने सोयच बंद होऊ शकते. फोन नाकारला जात असेल, तर अधीक्षकांकडे लेखी अर्ज करून पोच घ्यावी. कोठडीतल्या प्रत्येक माणसाला, त्याचे उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकील मिळतो. त्यासाठी रत्नागिरीच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे किंवा १५१०० हा क्रमांक फिरवावा.